ट्रंकेतला आवाज मोबाइलमध्ये कसा आणायचा?

आम्ही गिरगावातल्या एका चाळीतल्या बायका. चाळ पाडून तिथे टॉवर होणार, म्हणून गेल्या वर्षी खोल्या रिकाम्या व्हायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या पंचवीस-तीस रेकॉर्डी. भंगारवाला दारातच उभा होता. आजी म्हणाल्या, "बाकीच्या न्या, पण यातली एक माझ्या ताईची आहे. लग्नाआधी ती एकदाच गायली. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही."

भंगारवाल्याला आम्ही परत पाठवलं. पण ऐकायचं कशावर? आजींचा फोनो कधीच मोडीत गेला होता. मग आम्ही विचारत, शिकत, थोडं चुकत तो आवाज मोबाइलमध्ये आणला. तो कसा, तेच आज सांगतो. कारण तुमच्याही गावात कुणा चाकरमान्याने गणपतीला मुंबईहून नेलेल्या रेकॉर्डी एखाद्या माळ्यावर पडून असतील.

ताईंच्या रेकॉर्डीवर 'यंग इंडिया' असं छापलेलं होतं. मुंबईची नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १९३५ ते १९५५ या काळात या नावाने रेकॉर्डी काढायची. त्यात नवख्या आणि हौशी गायक-गायिकांची गाणी पुष्कळ होती. कंपनी बंद पडली, मग ती गाणी नव्याने काढणार कोण? ज्या घरात रेकॉर्ड उरली, तिथेच तो आवाज उरला. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' या संग्राहकांच्या संस्थेचे डॉ. सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने याच यंग इंडियाच्या रेकॉर्डींचं डिजिटल जतन केलं. त्याही रेकॉर्डी कुणीतरी भंगारात दिल्या नाहीत म्हणूनच मिळाल्या.

आता कामाकडे वळू. आधी रेकॉर्ड ओळखायची. जड, काळी, हातातून पडली तर बशीसारखी फुटणारी, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं असलेली, ती ७८ची रेकॉर्ड. म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. ती लाखेपासून करत असत. हलकी, थोडी लवणारी, एका बाजूला वीसेक मिनिटं वाजणारी, ती एलपी. ती विनाइल नावाच्या प्लास्टिकची असते आणि मिनिटाला सव्वातेहेतीसच्या आसपास फेरे घेते. लहान आकाराची, ४५ फेऱ्यांचीही असते.

ही ओळख का हवी? इथेच आमची चूक झाली. धूळ निघावी म्हणून आम्ही भजनाची एक ७८ची रेकॉर्ड स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. बोळा काळा झाला. आम्हाला वाटलं, मळ निघाला. निघाली होती ती रेकॉर्डच! सुतार कपाटाला पॉलिश करतो तेव्हा चपडा स्पिरिटमध्येच विरघळवतो ना? चपडा म्हणजे लाखच. त्या बाजूला आता नुसती खरखर ऐकू येते. नशीब, ती ताईंची नव्हती. म्हणून लिहूनच ठेवा: ७८च्या रेकॉर्डीला स्पिरिट, सॅनिटायझर, अत्तर, काहीही लावायचं नाही.

धुवायचं ते साध्या पद्धतीने. डिस्टिल्ड वॉटर घ्यावं. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं. मात्र बॅटरीचं अ‍ॅसिड वेगळं, बाटली वाचून घ्या. पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब. मऊ ब्रशने रेषांच्या दिशेने, गोल गोल फिरवत पुसायचं, आडवं घासायचं नाही. मधला कागद भिजू द्यायचा नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून, सुती फडक्याने टिपून, सावलीत उभी वाळवायची. बुडवून ठेवायची नाही.

आवाज असतो कुठे? रेकॉर्डीवर दिसतात त्या अनेक रेषा नाहीत. कडेपासून मध्यापर्यंत गोल फिरत गेलेली ती एकच बारीक सरी आहे. शेतातली सरी सरळ असते, ही थरथरत गेलेली असते. सुई त्या सरीतून जाताना तशीच थरथरते आणि त्या थरथरीची वीज होते. ७८ची सरी रुंद, एलपीची अरुंद. म्हणून ७८ला जवळजवळ तिप्पट रुंद सुई लागते. एलपीची सुई लावली तर ती सरीच्या तळाशी घासते आणि खरखरच जास्त ऐकू येते. आणि चावीच्या जुन्या फोनोवर एलपी कधीही लावू नका. त्याची जड पोलादी सुई एलपी खरवडून टाकते.

यंत्र म्हणाल तर विजेवर चालणारा, सुई बदलता येणारा रेकॉर्ड प्लेअर हवा. सुया आणि वायरी आम्हाला घराजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मिळाल्या. यूएसबीचा प्लेअर असेल तर तो थेट कॉम्प्युटरला जोडता येतो. साध्या प्लेअरमधून येणारी वीज फार क्षीण असते, म्हणून मध्ये 'फोनो प्रीअ‍ॅम्प' नावाची छोटी डबी लागते. काही प्लेअरमध्ये ती आतच असते. कॉम्प्युटरवर 'ऑडॅसिटी' हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घालायचं. प्लेअरला ७८चा वेग नसेल तर रेकॉर्ड ४५वर वाजवून नंतर ऑडॅसिटीत वेग ७८चा करता येतो. एकेका घरी यंत्र घेण्यापेक्षा गटात मिळून एकच घ्यावं, ते फिरतं ठेवता येतं.

रेकॉर्डिंग करताना पंखा बंद, जमिनीवर पावलं हळू. आवाजाची पट्टी लाल रंगाला टेकू द्यायची नाही. टेकली की तिथला आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. कॉम्प्युटर त्या थरथरीची उंची एका सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकडे लिहून ठेवतो. गाणं जितका वेळ, तितकाच वेळ या कामाला लागतो, घाई चालत नाही.

पहिली फाइल वेव्ह प्रकारात ठेवा. तीन मिनिटांच्या गाण्याला साधारण ३० एमबी लागतात. ही आपली मूळ प्रत, तिला हात लावायचा नाही. तिची नक्कल करून त्यातली टकटक, खरखर कमी करा. तीही बेतानेच, नाहीतर खरखरीबरोबर गळ्याचा गोडवाही जातो. मग मोबाइलवर पाठवायला एमपीथ्री करा, ती चार-पाच एमबीत बसते. मूळ प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

गाण्याचा शेवट कापायची घाई करू नका. भारतात १९०२ साली गौहरजान यांची रेकॉर्डिंग झाली. त्या काळी रेकॉर्डी परदेशात बनायच्या आणि तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी, म्हणून गाणं संपताना गायिका स्वतःचं नाव सांगायची. अशी ओळख कापली तर ते नाव कायमचं गेलं. मधल्या कागदाचा फोटो काढा. त्यावरचं नाव, नंबर, आणि रेकॉर्ड कुणाच्या घरची, हे वहीत लिहा.

घरात ऐकायला अडचण नाही. रेडिओवर लावायचं असेल तर मात्र हक्क पाहावे लागतात. रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो. कवी आणि संगीतकाराचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं.

आणि फाइल झाली म्हणून रेकॉर्ड टाकू नका. मोबाइल हरवतो, पेन ड्राइव्ह बिघडतो. रेकॉर्डी एकीवर एक न रचता, उन्हापासून दूर, उभ्या ठेवा.

ताईंचं गाणं आम्ही आजींना रिकाम्या खोलीत, जमिनीवर बसून ऐकवलं. तीन मिनिटं त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या दिवशी तिला सर्दी होती. आईने आल्याचा काढा देऊन पाठवलं होतं. ऐका, आवाज बसलाय थोडा." आणि पुन्हा लावायला सांगितलं.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: कुणाच्या माळ्यावर रेकॉर्डी आहेत का? आणि भंगारवाला त्या दारात आला तर त्याला महिनाभर थांबायला सांगा.