यवतमाळचे जुने स्टेशन कुणी बंद पाडले?

28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा-कळंब ब्रॉडगेज मार्गाचे उद्घाटन झाले, आणि यवतमाळकडे रेल्वे पहिल्यांदाच येते आहे असा सूर लागला. हा सूर जिव्हारी लागतो. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत येणारी 113 किलोमीटरची शकुंतला रेल्वे यवतमाळच्या स्टेशनात सुमारे शंभर वर्षे येत होती. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे न्यायला खासगी कंपनीने घातलेली ही नॅरोगेज. गाठी भरल्या, रवाना झाल्या, पुढे मालाने ट्रकची वाट धरली. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखे नाही. खरा हिशेब 1994 नंतरचा आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये मँचेस्टरचे वाफेचे इंजिन निवृत्त झाले, डिझेल आले. रूळ आणि स्लीपर मात्र तेच राहिले. फाटक आले की गाडी थांबायची, कर्मचारी उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडून पुन्हा चढायचा. तिकिटे फाडायचे कामही गाडीवरच्याच माणसांकडे. एवढ्या तुटपुंज्या बळावर ती वर्षानुवर्षे चालली, हे तिच्या कर्मचाऱ्यांचे मोठेपण आहे.

एसटी लवकर पोचते, मग या गाडीत बसणार कोण, असे म्हटले जाई. पण गाडी मंदावली ती रुळांची देखभाल झाली नाही म्हणून, आणि मंदावली म्हणून प्रवासी तुटले. आधी उपाशी ठेवायचे आणि मग अशक्त म्हणून हिणवायचे, असाच हा न्याय. तरीही एसटीचे भाडे न परवडणारा मजूर शेवटपर्यंत तिच्यातच बसत होता. दुसरी सबब मालकीची: मार्ग कंपनीचा, सरकार काय करणार? पण बार्शी लाइट रेल्वेसुद्धा खासगीच होती. सरकारने ती 1954 साली विकत घेतली, पुढे रुंद केली, आणि 2016 च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी रेल्वे त्याच मार्गाने धावली. त्याच सुमारास इकडे शकुंतला थांबत होती. तिच्या रुंदीकरणासाठी दीड हजार कोटींची घोषणा झाली, पण गाडी काही परतली नाही. नवा मार्ग येतोच आहे, मग जुन्याचे रडगाणे कशाला, असे कुणी म्हणेल. वर्धा-कळंब ज्याचा भाग आहे तो वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्ग हवाच; दारव्ह्यालाही त्याचा लाभ होईल. पण तो कारंज्याला जात नाही, मूर्तिजापूरलाही नाही. तिथल्या माणसांची गाडी बंद झाली ती झालीच.