नाटक पडले, की तारीख मिळाली नाही?

मराठी वर्तमानपत्रांत शनिवार-रविवारी नाटकांच्या जाहिरातींचा एक कोपरा असतो. चौकटीत नाटकाचे नाव, दोन-तीन ओळखीचे चेहरे आणि खाली दाटीवाटीने बसवलेल्या तारखा : शनि. दु. ४ दीनानाथ, शनि. रा. ८.३० गडकरी, रवि. दु. ४ शिवाजी मंदिर. नवे नाटक आले की 'शुभारंभाचा प्रयोग' हे ठळक टायपात छापले जाते. पुढे रौप्यमहोत्सवी, पन्नासावा, शंभरावा असे टप्पेही वाजतगाजत येतात. 'आज शेवटचा प्रयोग' ही ओळ मात्र क्वचितच दिसते. एखाद्या आठवड्यात चौकट लहान होते, पुढच्या आठवड्यात 'रवि. दु. ४' एवढेच उरते आणि मग कधीतरी चौकटच नसते. नाटक केव्हा थांबले हे कळायला ही गैरहजेरी सोडून दुसरा पुरावा मिळत नाही. नोंद नसल्याने कारणही कुणी विचारत नाही. 'पडले बिचारे' असे म्हणून आपण मोकळे होतो, म्हणजे निकाल प्रेक्षकांनी दिला असे गृहीत धरतो. माझे म्हणणे असे की अनेक नाटकांच्या बाबतीत प्रेक्षकांपर्यंत प्रश्न पोचलेलाच नसतो; निकाल लागतो तो तारखांच्या वाटपात.

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर एक नाटक एका नाट्यगृहात मुक्कामाला येते आणि साधारणपणे आठवड्याला आठ प्रयोग करते. बसवलेले नेपथ्य तिथेच राहते. ते उठायचे तेव्हा तारीख जाहीर होते. 'द फँटम ऑफ द ऑपेरा' २६ जानेवारी १९८८ रोजी तिथे सुरू झाले आणि १३,९८१ प्रयोगांनंतर १६ एप्रिल २०२३ रोजी थांबले. आधी जाहीर झालेली शेवटची तारीख फेब्रुवारीतली होती. ती कळताच तिकिटांना एवढी मागणी आली की मुक्काम दोन महिन्यांनी लांबवावा लागला. बंद होण्याची घोषणा हीसुद्धा तिथे तिकीटविक्रीचा भाग असते. आपल्याकडे एका नाटकाचे असे घर नाही. बालगंधर्व रंगमंदिरात शनिवारी दुपारी साडेबाराला एक नाटक, साडेपाचला दुसरे आणि रात्री साडेनऊला तिसरेच, हे पुणेकराला इतके अंगवळणी पडले आहे की त्यात नवल ते काय, असे तो विचारील.

ही रीत आली कुठून, हे पाहायला मागे जावे लागते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगमंचावर आले तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षे फिरती नाटक मंडळी हेच मराठी नाटकाचे एकक होते. मंडळी गावोगाव मुक्काम ठोकायची, पेटाऱ्यांत पाच-सात नाटके असायची आणि गावाचा कल पाहून त्यांतले एखादे लागायचे. 'मानापमान' १९११ मध्ये आले आणि पुढे ते कधी बंद झाले, हा प्रश्नच त्या व्यवस्थेत गैरलागू होता. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत एकत्र उभे राहिले तेही याच नाटकात. 'एकच प्याला' तर १९१९ मध्ये पहिल्यांदा लागले बडोद्याला. बोलपट आल्यावर मंडळ्या मोडल्या, नट पगारी नोकरीतून सुटून 'नाइट'वर, म्हणजे प्रयोगागणिक मानधनावर, आले आणि साठच्या दशकापासून महापालिकांनी नाट्यगृहे बांधायला घेतली. बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी उघडले, ठाण्याचे गडकरी रंगायतन १९७८ मध्ये. नाटक बंद न करण्याची मंडळ्यांची सवय आपण ठेवली. पण ती परवडण्याजोगी करणारा मुक्काम गेला, पगारी नटसंच गेला आणि पेटाऱ्यातली बाकीची नाटकेही गेली.

आताच्या व्यवस्थेचा हिशेब साधा आहे. नाट्यगृहाच्या दिवसाची तीन सत्रे धरली तर शनिवार-रविवार मिळून सहा सत्रे होतात, महिन्याला चोवीस-पंचवीस. त्यांतली काही शाळांच्या स्नेहसंमेलनांना, वाद्यवृंदांना, लावणीला आणि सत्कारसमारंभांना जातात. उरलेल्यांत चालती नाटके, नवी नाटके, बालनाट्ये, शिवाय तीस वर्षांनी पुन्हा उभी राहिलेली जुनी नाटके वाटा मागतात. तारखा काही महिन्यांच्या टप्प्याने आगाऊ वाटल्या जातात. नाटक बसवून शुभारंभ करणाऱ्या नव्या निर्मात्याला त्या टप्प्याच्या मधोमध चांगली तारीख मिळते ती कुणी सोडली तरच. आठवड्याला दोन प्रयोग मिळाले, तर शंभरी गाठायला पन्नास आठवडे लागतात. तेवढ्यात प्रमुख नटीला मालिका मिळालेली असते आणि बदली कलाकाराच्या तालमी सुरू झालेल्या असतात. एका प्रयोगाच्या उत्पन्नालाही वरून झाकण आहे. मोठ्या नाट्यगृहात आसने सुमारे हजार, आणि वस्तू व सेवा करातून सूट पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला. २०१८ पूर्वी ती अडीचशेपर्यंतच होती. आसने वाढवता येत नाहीत, दर फार चढवता येत नाही. निर्मात्याच्या हातात प्रयोगांची संख्या तेवढी राहते, आणि ती तारखेवर अवलंबून.

ही संख्या वाढवायची म्हणजे काय, हे प्रयोग संपल्यावर विंगेत दिसते. पडदा पडून प्रेक्षक जिन्यावर पोचतात न पोचतात तोच रंगमंच कामगार फ्लॅटच्या खिळपट्ट्या उचकटायला लागतात. भिंतीमागून खडूने लिहिलेले आकडे दिसतात : डावी दोन, उजवी तीन, खिडकी. सोफा, टीपॉय, खोटे फ्रिज, कपड्यांच्या ट्रंका असे सगळे टेम्पोत चढते, कारण पुढच्या सत्राचे नाटक दाराशी थांबलेले असते. डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरातला दुपारचा प्रयोग आटोपून ठाण्याला रात्रीचा उभा करायचा, तर मधल्या वाहतूक कोंडीवर सगळा खेळ. यामुळेच आपली बहुतेक नाटके एका दिवाणखान्यात घडतात, असे मला वाटते. घडीचे नेपथ्य आणि चार-पाच पात्रे हे लेखकांच्या कल्पनेचे दारिद्र्य म्हणून सांगितले जाते. त्यात टेम्पोचा वाटा किती, हेही कधी मोजावे.

या साखळीतले एक नाट्यगृह बंद पडले की काय होते, हे अलीकडे चांगलेच दिसले. परळचे दामोदर नाट्यगृह, गिरणगावातल्या कोकणी माणसाचे हक्काचे ठिकाण, नोव्हेंबर २०२३ पासून पुनर्बांधणीसाठी बंद झाले. प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर नूतनीकरणासाठी मिटले होते, ते २८ फेब्रुवारी २०२५ रोजी उघडले. गडकरी रंगायतन ऑक्टोबर २०२४ मध्ये दुरुस्तीला गेले आणि १५ ऑगस्ट २०२५ रोजी परतले. म्हणजे २०२४ सरताना, नाटकांच्या ऐन हंगामात, परळ, प्रभादेवी आणि ठाणे हे तिन्ही पत्ते एकाच वेळी जाहिरातींतून गायब होते. त्याच वर्षी ८ ऑगस्टच्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून उभारलेली ती वास्तू केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री गेली. पणजीची कला अकादमी २०२१ ते २०२३ दुरुस्तीत होती. कोल्हापूर-सांगली किंवा गोवा असा दौरा तीन-चार प्रयोग लागोपाठ लागले तरच परवडतो. मधला एक प्रयोग गळला की ट्रकचे भाडे आणि मुक्कामाचा खर्च उरलेल्यांवर पडतो, आणि सांगलीच्या प्रेक्षकाने काहीही केलेले नसताना त्याच्याकडे येणारे नाटक येत नाही. आग कुणी ठरवून लावत नाही. दुरुस्तीचे वेळापत्रक मात्र माणसे ठरवतात, आणि प्रत्येक संस्था ते आपापल्यापुरते ठरवते.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे : चांगले नाटक असेल तर ते तारखा ओढून आणते. अंशतः खरे आहे. हाऊसफुल्लचा बोर्ड लागणाऱ्या नाटकाला कोणताच व्यवस्थापक नको म्हणत नाही. पण बोर्ड लागेपर्यंत टिकायचे कसे? गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० मध्ये आले. त्याचे सुरुवातीचे प्रयोग रडतखडतच चालले होते. पु. ल. देशपांड्यांची पसंती मिळाली आणि नाटकाचे नशीब पालटले. मच्छिंद्र कांबळी ते घेऊन लंडनपर्यंत गेले आणि प्रयोगांनी पाच हजारांचा आकडा ओलांडला. लोक या कथेतून पुलंच्या रसिकतेचा धडा घेतात. मला त्यात दिसते ते मधले अंतर. त्या पडत्या काळात प्रयोग लावायला तारखाच नसत्या, तर पुलंनी पाहिले काय असते? आपल्याकडे बंद पडण्याची नोंद राहिली आहे ती भांडणांची. 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात आले आणि एकोणीस प्रयोगांनंतर ते करणाऱ्या संस्थेतल्या वादामुळे थांबले, हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण त्यातून थिएटर अकॅडमी ही नवी संस्था जन्मली. 'सखाराम बाइंडर' त्याच वर्षी परिनिरीक्षणाच्या वादात उच्च न्यायालयात गेले, तेही नोंदलेले आहे. वाद न होता, निव्वळ रविवार न मिळाल्याने मिटलेल्या नाटकाचे नाव कुठल्याच इतिहासात येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. प्रेक्षकच शनिवार-रविवारी येतो. मंगळवारी नाट्यगृह रिकामे असते आणि तेव्हा तारीख मागायला कुणी येत नाही, मग टंचाई कसली? आजचे वर्णन म्हणून हे बरोबर आहे. पण केदार शिंदे आणि भरत जाधव यांचे 'सही रे सही' १५ ऑगस्ट २००२ रोजी सुरू झाले आणि त्याने ३६५ दिवसांत ३६५ प्रयोग केले. वर्षाचे सगळे शनिवार-रविवार मिळून जेमतेम १०४ दिवस भरतात. दिवसाला दोन प्रयोग धरले तरी दोनशेच्या पुढचे प्रयोग आडवारी झाले असणार आणि त्यांना माणसे आली असणार. तेव्हापासून बदलले ते अर्थातच प्रवासाचे तास, आणि घरात आलेल्या दैनंदिन मालिका. मालिकांनी प्रेक्षक नेला असे आपण नेहमी म्हणतो. त्यांनी नटांचे सोमवार ते शुक्रवारही नेले, हे कमी बोलले जाते. नट मोकळा नाही म्हणून आडवारी प्रयोग नाही, प्रयोग नाही म्हणून प्रेक्षकाची सवय मोडली, आणि सवय मोडली म्हणून निर्माता धजत नाही. शिवाय 'नाटक म्हणजे शनिवार-रविवार' हा काही महाराष्ट्रभरचा नियम नाही. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून पुढे हंगाम चालतो. वडसा येथून मंडळ्या निघतात आणि गावच्या मंडईच्या (जत्रेच्या) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) दिवशी, तो कोणताही वार असो, रात्रभर नाटक होते. तिथला प्रेक्षक धानाच्या कापणीनुसार मोकळा होतो. प्रेक्षकाचा वार त्याच्या कामाच्या रगाड्यावर ठरतो, आणि शहरात तो रगाडा सगळ्यांसाठी एकसारखा राहिलेला नाही.

न संपणे हेच आपल्या नाटकाचे बळ नव्हे काय, असेही कुणी विचारील. 'चारचौघी' १९९१ चे, आणि २०२२ मध्ये नव्या संचात परतले. बंद न केलेले नाटक पुन्हा उघडता येते. हे मला मान्य आहे. मार्च २०२० मध्ये सगळी नाट्यगृहे मिटली, ५ नोव्हेंबर २०२० ला, रंगभूमीदिनी, निम्म्या आसनांनिशी परवानगी मिळाली, पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. त्या खंडातून नाटके परत उभी राहिली ती या लवचिकपणामुळेच. पण त्याचा लाभ नावारूपाला आलेल्या नाटकालाच मिळतो. वीस प्रयोगांत थांबलेले नाटक तीस वर्षांनी कुणी उकरून काढत नाही. आणि शेवट जाहीर केल्याने काय होते हेही आपण पाहिले आहे : भद्रकाली या नाट्यसंस्थेच्या 'संगीत देवबाभळी'ने पाचशेव्या प्रयोगाने थांबण्याचे ठरवून तसे सांगितले, आणि तो निरोपाचा प्रयोग षण्मुखानंदसारख्या प्रचंड सभागृहात झाला.

छोट्या रंगमंचांनी यातून एक वाट आधीच काढली आहे. जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ पासून एकच नाटक लागोपाठच्या दिवशी लावत आले आहे आणि मंगळवार-बुधवारीही तिथे रांग दिसते. दोनशे आसने आणि हजार आसने यांत फरक आहे, हे उघड आहे. हजार आसनांच्या नाट्यगृहात मंगळवार भरणार नाही; पण मंगळवार ते शुक्रवार चार रात्री एकच नाटक उभे राहिले तर टेम्पोचे भाडे एकदाच पडते, नेपथ्य एकदाच लागते आणि आडवाराचे सवलतीचे भाडे धरता अर्ध्या नाट्यगृहावरही गणित बसू शकते. यासाठी मालिकेत नसलेला नटसंच हवा, आणि तसे नट पुण्या-नाशकात राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने दर वर्षी रंगमंचावर दिसतात. महापालिकांना हे सुचेल तेव्हा सुचो. माटुंग्याचे यशवंत नाट्य मंदिर अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेच्या स्वतःच्या मालकीचे आहे आणि २०२३ पासून परिषदेचे अध्यक्ष प्रशांत दामले आहेत. बारा हजार पाचशेवा प्रयोग २०२२ मध्ये केलेल्या या नट-निर्मात्याला तारखांचे शास्त्र दुसऱ्या कुणी शिकवायला नको. एका पावसाळ्यात, मागणी एरवीही कमी असते तेव्हा, वीस प्रयोगांच्या आत अडकलेली चार नाटके निवडून प्रत्येकाला तिथे एक आख्खा आठवडा द्यावा, आणि प्रत्येक रात्री किती तिकिटे गेली ते आकडे जाहीर करावेत.