तैलचित्रणाची जुनी पद्धती आणि गुप्त द्रव्याची कल्पना

जुन्या तैलचित्रांतील रंगांचे तेज शतकानुशतके टिकले, याचे कारण त्या चित्रकारांना अवगत असलेले एखादे गुप्त द्रव्य असावे, अशी समजूत युरोपात दीर्घकाळ रूढ होती. या समजुतीला मोठा आधार मिळाला तो इटालियन चरित्रकार वासारी याचा. यान व्हान आइक या फ्लेमिश चित्रकाराने तैलरंगांचा शोध लावला, असे त्याने १५५० मध्ये लिहिले.

वस्तुतः बाराव्या शतकातील थिओफिलसच्या लॅटिन ग्रंथात जवसाच्या तेलात रंग खलण्याची कृती दिलेली आहे. पहिला लेप सुकल्यावाचून दुसरा देता येत नाही व त्यामुळे काम कंटाळवाणे होते, अशी त्याची तक्रार आहे. लेसिंग या जर्मन विचारवंताने १७७४ मध्ये या ग्रंथाकडे लक्ष वेधले आणि वासारीचे विधान निराधार ठरले. व्हान आइकचे कर्तृत्व तेलाच्या शोधात नाही. थिओफिलस ज्या विलंबाला कंटाळला, त्याचाच उपयोग करून घेण्यात ते आहे. खडू व सरस यांच्या पांढऱ्या अस्तरावर तो रेखाटन करी, त्यावर अपारदर्शक रंग देई आणि अखेरीस पारदर्शक रंगांचे पातळ लेप चढवी. प्रकाश हे लेप भेदून खालच्या फिकट थरावरून परततो. म्हणून रंग आतून उजळल्यासारखा भासतो. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्याच्या १४३४ च्या आर्नोल्फिनी चित्राच्या रासायनिक परीक्षणात जवसाचे तेलच आढळले.

केवळ बाह्य रूपावरून अनुमान बांधणे किती घातक ठरते, हे जोशुआ रेनॉल्ड्स (१७२३–१७९२) या इंग्रज चित्रकाराच्या उदाहरणावरून दिसते. व्हेनिसच्या चित्रांतील गहिरेपणा साधण्यासाठी त्याने तेलात मेण, राळ व डांबरासारखी द्रव्ये मिसळली. तेल वाफ होऊन सुकत नाही. हवेतील प्राणवायू शोषून ते घट्ट होते. डांबर या क्रियेत अडथळा आणते. खालचा थर मऊ राहून वरचा आकसला, की चित्राला भेगा पडतात. रेनॉल्ड्सच्या अनेक चित्रांचे असेच झाले, आणि त्याचे काही तांबडे रंग तर त्याच्या हयातीतच विटले. तरीही १७९७ मध्ये रॉयल अकॅडमीच्या काही सदस्यांनी प्रत्येकी दहा गिनी मोजून ‘व्हेनिसचे रहस्य’ विकत घेतले. ते बनावट निघाले.

चित्रासमोर उभा राहणाऱ्यास केवळ शेवटचा लेप दिसतो. त्याखालील क्रम जाणण्यास जुने ग्रंथ व थरांचे परीक्षण ही दोन्ही साधने आवश्यक होत. त्यांतही ग्रंथातील शब्द पारखून घ्यावे लागतात. ‘व्हर्निक्स’ हा एकच शब्द कोठे कोरड्या राळेला, तर कोठे राळ शिजवून केलेल्या रोगणाला लावलेला आढळतो. अर्थाची अशी गल्लत झाली, तर तिची किंमत चित्रालाच मोजावी लागते.