सोडवून आणलेल्या घोड्याची कातडी

जखमी किंवा रोगट जनावरास कामाला जुंपणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने अपराध ठरविला आहे. त्या कायद्याच्या आधारे एखादा घोडा जप्त होऊन पांजरपोळाच्या किंवा एखाद्या सेवाभावी संस्थेच्या हवाली केला जातो, तेव्हा पंचनाम्यात त्याच्या शरीराचे वर्णन बहुधा एका ओळीत आटोपलेले असते: अंगावर ठिकठिकाणी जखमा, केस गेलेले. एवढ्या वर्णनाने कचेरीचे काम भागते, परंतु शुश्रूषा करणाऱ्याचे भागत नाही. कारण घोड्याचे केस जाण्याची आणि कातडी फुटण्याची कारणे अनेक असून त्यांतील काही केवळ कोरड्या जागेने व पोटभर वैरणीने दूर होतात, काहींना नेमके औषध नेमक्या मात्रेत लागते, आणि एक व्याधी तर अशी आहे की जिच्या संसर्गाने घोड्यामागोमाग त्याचा मोतद्दारही दगावू शकतो. म्हणून अशा घोड्याच्या अंगाला, पशुवैद्याने पाहण्यापूर्वी, कोणतेही औषध लावू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

हा आग्रह अनाठायी वाटण्याचा संभव आहे, कारण हाडे वर आलेले, माश्यांनी वेढलेले ते जनावर पाहून प्रत्येक सहृदय माणसाचा हात प्रथम बाटलीकडेच जातो. त्या बाटलीत पुष्कळदा मोटारीचे जळके तेल असते, किंवा रॉकेल असते. या दोन्ही पदार्थांनी आधीच सोलवटलेली त्वचा भाजते, त्यांतील विषारी द्रव्ये जखमेवाटे शरीरात मुरतात, आणि वर तेलाचा काळा थर बसल्यामुळे दुसऱ्या दिवशी येणाऱ्या वैद्यास खालचा रोग दिसतही नाही. करंजेल किंवा हळद एवढी घातक नाही. पण तिनेही चिन्हे झाकली जातात. पहिल्या दिवशी करण्याजोगे खरे काम निराळे आहे. नव्या घोड्यास इतर जनावरांपासून दूर, निदान तीन आठवडे वेगळे बांधावे. त्याचा खरारा, त्याची झूल, त्याची बादली यांचा दुसऱ्या कोणासाठी उपयोग करू नये. आणि त्याची सेवा करणाऱ्याने हातमोजे घालून, शेवटी हात साबणाने धुऊनच दुसरीकडे वळावे.

या विलगीकरणाचे सर्वांत गंभीर कारण ग्लँडर्स हे होय. १८८२ साली लोफ्लर आणि शुट्झ या जर्मन संशोधकांनी ज्याचा जीवाणू शोधून काढला तो हा रोग भारतातून अद्याप हद्दपार झालेला नाही. त्याच्या त्वचागत प्रकारात, विशेषतः मागच्या पायांच्या आतील बाजूस, लसवाहिन्यांच्या रेषेवर एकापुढे एक गाठी उठतात, त्या फुटून खोलगट व्रण होतात आणि त्यांतून मधासारखा चिकट स्राव वाहतो. पुष्कळदा नाकातूनही दाट पिवळट शेंबूड येत असतो. अशी रांग दिसताच जखमा धुण्याचा मोह आवरावा, घोड्यास हलवू नये आणि शासकीय पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास तत्काळ वर्दी द्यावी. जनावरांच्या सांसर्गिक रोगांविषयीच्या २००९ च्या कायद्यान्वये हा रोग अधिसूचित असून रक्ताच्या नमुन्याच्या तपासणीत तो निश्चित झाल्यास घोड्यावर उपचार करण्यास मुभा नाही, त्यास वेदनारहित मरण द्यावे लागते. ज्याने त्या जिवास नुकतेच छळातून सोडविले त्याच्यावर ही गोष्ट ऐकण्याची वेळ यावी हे फार दारुण आहे; परंतु रक्ततपासणीचा अहवाल हाती येईपर्यंत धीर धरण्याचे कारणही हेच, कारण एका बुरशीमुळे होणारा लसवाहिन्यांचा रोग दिसण्यात ग्लँडर्सशी इतका मिळताजुळता असतो की नुसत्या नजरेने निवाडा देणे कोणालाही शोभत नाही.

हे भय दूर झाल्यावर मग शांतपणे घोड्याभोवती फिरावे आणि जखम कशी आहे याआधी ती कोठे आहे हे पाहावे. खांद्यांमधील उंचवटा, पाठीचा कणा, तंगाची जागा, बग्गीच्या घोड्याची छाती, या ठिकाणच्या जखमा कातडीच्या रोगाच्या नसून सामानाच्या असतात: खोगिराखालील मांस झिजलेले, जीन बेताचे नसलेले, आणि त्या दाबाखाली रक्तप्रवाह थांबून कातडीचा तुकडाच्या तुकडा मेलेला. अशा जखमेस एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात नऊ ग्रॅम मीठ घालून त्या पाण्याने धुणे आणि पाठीवर काहीही न ठेवणे यांहून श्रेष्ठ उपचार नाही. मात्र उंचवट्यावर सूज येऊन खोलवरून पू वाहत असेल तर प्रकरण हाडापर्यंत गेलेले असू शकते. अशा पुवात ब्रुसेलाचे जंतूही असू शकतात व ते माणसास बाधतात, म्हणून ती जागा पशुवैद्यानेच हाताळावी.

पाठीवर आणि पुठ्ठ्यावर, पावसाचे पाणी जेथून ओघळते त्या वाटेवर, बारीक बारीक खपल्या हाताला लागत असतील आणि खपली उचलताच तिच्यासह केसांचा झुबका रंगाच्या कुंचल्याप्रमाणे निघून येऊन खाली गुलाबी ओलसर कातडी दिसत असेल, तर तो पावसाळी रोग समजावा. सह्याद्रीच्या माथ्यावर, जेथे मोटारीस बंदी असल्यामुळे माणसांची व मालाची वाहतूक घोड्यांच्या पाठीवरून चालते त्या माथेरानसारख्या ठिकाणी, महिनोन्‌महिने ओल्या राहणाऱ्या जनावरास तो न झाला तरच नवल. याला सर्वत्र बुरशी म्हणतात, पण तो बुरशीसारखे तंतू धरणारा एक जीवाणू आहे, आणि त्यामुळे बुरशीचे मलम वापरून महिना वाया घालविणारे लोक आढळतात. त्याचे खरे औषध कोरडेपणा. क्लोरहेक्सिडीनच्या द्रावणाने अंग भिजवून ते दहा मिनिटे राहू द्यावे, सैल झालेल्या खपल्या तेवढ्याच हलक्या हाताने काढून जाळाव्यात, आणि नंतर घोडा छपराखाली पूर्ण सुकू द्यावा. घट्ट बसलेल्या खपल्या ओरबाडणे म्हणजे त्यास पुन्हा यातना देणे होय. रोग सर्वांगी पसरून ताप आला असेल तर वैद्य पेनिसिलिन देतो.

बुरशीचा गजकर्ण याहून निराळा. त्याची वर्तुळे बहुधा तंगाच्या व जिनाच्या जागी प्रथम उमटतात, खाज बेताची असते, आणि तो दोनतीन महिन्यांत आपोआपही ओसरतो. पण त्याचे बीजाणू खोगिरात व खराऱ्यात कित्येक महिने जिवंत राहतात आणि माणसाच्या हातावरही उतरतात. उलट खरजेचा घोडा खाजेने वेडा झालेला असतो, भिंतीस मान घासून घासून रक्तबंबाळ होतो. तिचा एक प्रकार केवळ पायांच्या खालच्या भागात वस्ती करतो आणि त्यापायी घोडा रात्रभर पाय आपटतो. उवा तर आयाळीच्या मुळाशी नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. गजकर्ण की खरूज हा प्रश्न बोथट पात्याने काढलेली कातडीची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली धरली म्हणजे बहुधा तेथल्या तेथे सुटतो, आणि एवढी सोय कोणत्याही बऱ्या पशुवैद्यकीय दवाखान्यात असते. परळला १८८६ पासून पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे. खरवडीची ही परीक्षा टाळून अंदाजाने औषध देण्यास मुंबईत तरी सबब नाही.

खरजेवर आयव्हरमेक्टिन देतात, शरीराच्या दर किलोस २०० मायक्रोग्रॅम, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. येथे वजनाचा प्रश्न येतो, कारण उपासमारीने खंगलेल्या घोड्याचे वजन डोळ्यांना कधीच बरोबर कळत नाही. फीत घेऊन छातीचा घेर व खांद्यापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजावी, घेराचा वर्ग लांबीने गुणावा व ११,८८० ने भागावा. येणारा आकडा किलोग्रॅममध्ये पुष्कळ जवळचा असतो.

संध्याकाळी व पहाटे आयाळ आणि शेपटीचे मूळ घासणाऱ्या घोड्यास बहुतेक चिलटांच्या चाव्याचे वावडे असते. त्या वेळी त्याला आत घेऊन पंखा लावला तरी पुष्कळ आराम पडतो, कारण वाऱ्यात त्या क्षुद्र कीटकांस उडता येत नाही. उघड्या जखमेत किडे पडले असल्यास ते चिमट्याने निपटून काढावे लागतात. जखम कोणतीही असो, धनुर्वाताची लस टोचून घेण्यात दिरंगाई करू नये. घोड्याइतके त्या रोगास सहज बळी पडणारे दुसरे पाळीव जनावर नाही.

एवढे करूनही कातडी सुधारत नसेल तर दावणीकडे पाहावे. आपल्याकडे चाऱ्यासाठी व सरपणासाठी जागोजाग लावलेल्या सुबाभळीच्या पाल्यात मिमोसिन नावाचे द्रव्य असते आणि तो पाला सतत खाणाऱ्या घोड्याची आयाळ व शेपूट झडते. तेथे कोणतेही मलम व्यर्थ, पाला बंद करणे हाच उपाय. सुटका झालेल्या घोड्याची निस्तेज कातडी तर मुळात भुकेचीच असते, कारण केस म्हणजे प्रथिनच, आणि ते शरीरास परवडत नाही तेव्हा प्रथम केसांचाच खर्च थांबतो. पण म्हणून करुणेच्या भरात पहिल्याच दिवशी चंदीचा तोबरा चढविणे प्राणघातक ठरते: दीर्घ उपासानंतर धान्याचा मारा झाला की रक्तातील फॉस्फरस व मॅग्नेशियम एकाएकी घसरून घोडा दहा दिवसांच्या आत कोसळू शकतो. लसूणघासाची वाळलेली वैरण दर चार तासांस अर्धा किलोच्या सुमारास, अशी सुरुवात करून ती काही दिवसांत सावकाश वाढवीत नेणे हेच इष्ट.

जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया या घोडागाड्या बंद करण्याचा हुकूम दिला, तेव्हा त्या घोड्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही पुढे आला. अशा घोड्यांना जे सांभाळतात त्यांनी हे लक्षात ठेवावे की नवी कातडी येण्यास आठवडे आणि अंगावर पुरती लव येण्यास काही महिने लागतात, आणि खोगिराच्या जुन्या घावांवर जे पांढरे केस उगवतात ते कायमचेच असतात. त्यांना औषध नको. मात्र तेथेच एखादी मस्सेवजा गाठ वाढू लागली तर ती दोरा बांधून किंवा कापून काढू नये. सारकॉइड नावाची ही गाठ अर्धवट छेडली असता दुप्पट जोमाने फोफावते, म्हणून तिची जागा व आकार टिपून ठेवून ती पशुवैद्यास दाखवावी.