पदवीनंतरच्या वाटा, लेखांक ९ : हद्द कुठे आखायची?

बऱ्हाणपूरच्या लालबागेजवळ कुंडी भंडारा आहे. लिफ्टने सुमारे ऐंशी फूट खाली उतरलं, की दगडी बोगद्यातून वाहतं पाणी दिसतं. १६१५ च्या सुमारास, खानखानान अब्दुर्रहीमच्या अमलात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने ही रचना केली. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी जमिनीखालीच धरायचं आणि निव्वळ उतारावर शहरात आणायचं. वर शंभरावर कुंड्या, म्हणजे हवेला आणि गाळ काढायला वाट. पंप नाहीच.

आता या भंडाऱ्याचं पाणी घटलं, तर बिघाड कुठे शोधायचा? बोगद्यात चुन्याचे थर साचतात, ते खरवडता येतील. पण डोंगरावरची झाडं गेली, केळीच्या मळ्यांत बोअर वाढल्या, तरीही कुंडीतलं पाणी उतरतंच. मग त्या बोअर भंडाऱ्याचा भाग धरायच्या की नाही? हद्द कुठे आखायची, हे ठरवायला शिकवणारी शाखा म्हणजे सिस्टिम्स इंजिनीअरिंग. आयटी कंपनीत नव्या पोरांना मिळणारा ‘सिस्टिम इंजिनीअर’ हा हुद्दा वेगळा. दोन्हींची गल्लत घरोघरी होते.

या शाखेत आणखी एक भेद शिकवतात. ठरल्याप्रमाणे बांधलं का, हा एक प्रश्न. जे बांधलं त्याने गरज भागली का, हा दुसरा. २०२२ मध्ये बऱ्हाणपूर ‘हर घर जल’ प्रमाणित झालेला देशातला पहिला जिल्हा ठरला. नळ दारात आला, हे पहिल्याचं उत्तर. मे महिन्यातही त्याला पाणी येतं का, हे दुसऱ्याचं.

प्रवेशाकडे वळू. आपल्याकडे नेमक्या याच नावाचे एम.टेक. मोजकेच, त्यामुळे शेजारची नावंही पाहावी लागतात. आयआयटी मुंबईत ‘सिस्टिम्स अँड कंट्रोल’ आहे. त्याचा कल नियंत्रणाच्या गणिताकडे. तिथेच ‘इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग अँड ऑपरेशन्स रिसर्च’ आहे. ते नियोजन आणि निर्णयांच्या अंगाने जातं. कोणत्या शाखेची पदवी नि गेट या प्रवेश परीक्षेचा कोणता पेपर चालतो, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच पाहावं. काकांच्या मुलाने सांगितलेलं जुनं झालेलं असतं.

गेट ३ तासांची, १०० गुणांची. त्यातले १५ सामान्य क्षमतेचे. तिचा स्कोअर ३ वर्षं चालतो आणि पदवीच्या तिसऱ्या वर्षातही परीक्षा देता येते. म्हणजे एक प्रयत्न सरावासाठी वापरता येतो, तो जरूर वापरा. खरी तयारी मात्र रेषीय बीजगणित, विकलक समीकरणं आणि संभाव्यता यांची. पदवीला हे विषय जेमतेम काढलेले असतील, तर पहिलं सत्र जड जातं. दुसऱ्या वर्षाचा बराचसा वेळ प्रबंधाचा.

महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरच्या घरांना एक प्रश्न नेहमी पडतो : मुलगा मराठी माध्यमाचा, पण रहिवासी दाखला मध्य प्रदेशचा, तर मुंबईत अडेल का? आयआयटीच्या एम.टेक.ला राज्याचा कोटा नसतो. महाराष्ट्राच्या राज्य प्रवेश फेरीतून जायचं असेल, तर मात्र दाखल्याचा नियम आधी वाचून घ्या. घरच्या राज्यातली, इंदूरची वाटही खुली ठेवा. गेट फेब्रुवारीत होते, पण अर्ज आदल्या वर्षीच, पावसाळ्याच्या शेवटाला भरून घेतात. केळीच्या हंगामात ती तारीख निसटते.