कुलूपबंद घर आणि गोठलेला नळ

डिसेंबर लागला की लातूर-नांदेडकडच्या शेतांत हुरड्याच्या आगट्या पेटू लागतात आणि अमेरिकेत स्थायिक झालेली इकडची मुलं सुट्टी काढून घरी येतात. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाला आई-वडिलांसोबत चार दिवस राहायचं असतं. तिकडे डलास, अटलांटा नाहीतर शिकागोतलं घर तीन-तीन आठवडे कुलूपबंद राहतं, आणि तिकडच्या कडाक्याच्या थंडीचे दिवसही नेमके हेच. 2022 साली नाताळच्या तोंडावर ध्रुवाकडची हवा थेट अमेरिकेच्या दक्षिणेपर्यंत उतरली. अटलांटात पारा उणे 13 अंश सेल्सिअसपर्यंत गेला. मेम्फिस आणि जॅक्सन या शहरांत इतक्या ठिकाणी पाईप फुटले की लोकांना पाणी उकळून पिण्याच्या सूचना द्याव्या लागल्या.

परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांखाली गेला की मराठवाड्यात त्याची बातमी होते. भिंतीतला नळ गोठणं इकडच्या घरांना ठाऊक नाही. फ्रीजरमध्ये विसरलेली काचेची बाटली तडकते, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाणी उलट फुगतं. बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं.

मग पाईप फुटतो तो बर्फ आतून रेटा देतो म्हणून, असं वाटणं साहजिक आहे. पण इलिनॉय विद्यापीठातल्या बांधकाम संशोधकांनी 1990च्या दशकात मुद्दाम पाईप गोठवून पाहिले, तेव्हा निराळंच दिसलं. पाईप बऱ्याचदा जिथे बर्फ नसतो तिथेच फुटतो. आधी एखाद्या थंड कोपऱ्यात बर्फाचा बूच बसतो. तो वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद तोटीकडे ढकलतो. पाणी दाबून फारसं लहान होत नाही आणि बाहेर पडायला वाटही नसते. बूच आणि तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या त्या पाण्याचा दाब नेहमीच्या कितीतरी पट चढतो, आणि जिथे पाईप कमकुवत असेल तिथे तो चिरतो.

हे एकदा कळलं की सगळे उपाय आपोआप उलगडतात. घरात माणसं असतील तर थंडीच्या रात्री तोटी किंचित सैल ठेवून बारीक धार चालू ठेवतात. वाहतं पाणी गोठत नाही म्हणून हे करतात, असा समज आहे, पण तो अर्धाच खरा. धारेचा मोठा उपयोग हा की कोंडलेल्या दाबाला वाट मिळते.

रिकाम्या घरात धार सोडून जाता येत नाही. तिथे पाईपमध्ये पाणीच न ठेवणं उत्तम. निघण्यापूर्वी मेन कॉक बंद करायचा, वरच्या मजल्यापासून सगळ्या तोट्या उघडून पाणी उतरू द्यायचं, फ्लश ओढून टाकी मोकळी करायची आणि बागेचा होज काढून ठेवायचा. गिझर रिकामा करणार असाल तर त्याची वीज किंवा गॅस आधी बंद हवा. घराचं हीटिंग पूर्ण बंद करायचं नाही; 13 अंशांच्या आसपास चालू ठेवायचं आणि सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाकायची, म्हणजे उबदार हवा पाईपपर्यंत पोहोचते. किल्ली शेजाऱ्याकडे असावी.

नुसत्या हीटिंगवर मात्र विसंबू नये. फेब्रुवारी 2021 मधल्या हिमवादळात टेक्सासातल्या डलासचा पारा उणे 19 अंशांवर गेला आणि राज्यातल्या 40 लाखांहून अधिक घरांची वीज गेली. तिथली घरं उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली. कित्येकांचे पाईप पोटमाळ्यातून गेलेले. हीटिंग थांबलं आणि घरोघरी छतातून पाणी कोसळलं. राज्याच्या नोंदीनुसार त्या वादळात 246 माणसं दगावली.

रिकाम्या घरातली खरी हानी थंडी ओसरल्यावर होते. बर्फाचा बूच असेपर्यंत चिरलेला पाईपही गप्प असतो. ऊन पडतं, बूच वितळतो आणि पाणी वाहू लागतं. तीन मिलिमीटरची चीर असली तरी दिवसाला साधारण साडेनऊशे लिटर पाणी जातं. आपल्याकडे शहरात माणशी 135 लिटरचं प्रमाण धरतात. म्हणजे सात माणसांचं दिवसाचं पाणी एका चिरेतून, तेही लाकडी भिंती आणि फरशा कुजवत. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून आलेल्या पहिल्या जलदूत रेल्वेतल्या पाच लाख लिटरची वाट पाहिलेल्या लातूरकरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको.

लातूरचा नळ गोठत नाही, पण मेन कॉकची सवय इथेही कामाची आहे. नळ कोरडा असताना तोटी उघडी राहते, घरचे गावी जातात, आणि पाणी सुटलं की बंद घरात ते तासन्‌तास वाहतं. दोन्हीकडे कारण एकच: आपल्या मागे पाईप नळयोजनेच्या पाण्याला जोडलेला राहिला.

यंदा मुलगा-सून हुरड्याला येणार असतील, तर तिकीट काढल्याचं कळताच त्यांना फोनवर एवढं जरूर विचारा: मेन कॉक कुठे आहे, हे माहीत आहे ना? पुष्कळांना तो पाईप फुटल्यावरच शोधावा लागतो.