धूम, अग्नि आणि संगणक

शाळेंत संस्कृत शिकवीत असतांना आम्ही प्रतिवर्षीं नव्या वर्गास एक गोष्ट मोठ्या अभिमानानें सांगत असूं. ती अशी कीं, अमेरिकेंतील 'नासा' या संस्थेनें संगणकास सर्वांत योग्य भाषा संस्कृतच, असा निर्णय दिला आहे. मुलें माना डोलवीत. कांहीं पालकहि भेटून समाधान व्यक्त करीत. ही गोष्ट आम्हीं कोठें वाचली हें आम्हांस आठवत नव्हतें, आणि तें आठवावें अशी गरजहि कधीं भासली नव्हती.

गेल्या दिवाळींत पाडव्याच्या पंक्तीस हाच विषय निघाला व आम्हीं ती गोष्ट पुनः सांगितली. आमच्या धाकट्या बंधूंची नात संगणकशास्त्राचा अभ्यास करते. तिनें जेवतां जेवतां हळूच विचारलें, "आजोबा, ही प्रतिज्ञा झाली. हेतु कोणता?" पंक्तींत हशा पिकला, आम्ही मात्र निरुत्तर झालों. ती दहा वर्षांची असतांना अनुमानाचे पांच अवयव ओसरीवर बसवून तिच्याकडून पाठ करून घेणारे आम्हीच होतों.

दुसऱ्या दिवशीं तिनें मूळ लेखच छापून आमच्या हातीं ठेवला. मॅट्रिकपुरत्या इंग्रजीच्या बळावर, कोश जवळ घेऊन, आम्हीं तो आठ दिवसांत वाचला. १९८५ सालीं रिक ब्रिग्ज या संशोधकानें, नासाच्या एम्स संशोधनकेंद्रांत काम करीत असतांना, तो एका अमेरिकन नियतकालिकांत लिहिला. संगणकास वाक्याचा अर्थ समजावा म्हणून त्या काळचे संशोधक कर्ता, कर्म, करण, अधिकरण अशा संबंधांचीं जाळीं काढीत. आपल्या वैयाकरणांनीं शाब्दबोधाचें विवेचन करतांना हेच संबंध पूर्वींच वेगळे काढले होते, हें त्यानें मैत्र देवदत्तासाठीं भात शिजवितो अशा जातीच्या वाक्यावरून दाखविलें आहे. लेख आदरणीय आहे. परंतु तें एका अभ्यासकाचें प्रतिपादन आहे, संस्थेचा निर्णय नव्हे. इतकीं वर्षें आम्हीं मुलांना जें सांगितलें त्यास हेतुहि नव्हता आणि दृष्टांतहि नव्हता.

या फजितीनंतर आम्हांस जिज्ञासा उत्पन्न झाली कीं, यंत्र खरोखर अनुमान करतें म्हणजे काय करतें? नातीपाशीं शिष्यत्व पत्करून जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

या शास्त्राचीं दोन अंगें आहेत: ज्ञान यंत्रापुढें नेमक्या स्वरूपांत मांडणें, व मांडलेल्या ज्ञानावरून न सांगितलेलें काढून घेणें. घरगुती उदाहरण घेऊं. यंत्रास दोन गोष्टी सांगितल्या: गोविंद हा वामनाचा पिता, वामन हा केशवाचा पिता. शिवाय एक नियम सांगितला: पहिला दुसऱ्याचा पिता आणि दुसरा तिसऱ्याचा पिता असेल, तर पहिला तिसऱ्याचा आजोबा. आतां विचारा, केशवाचा आजोबा कोण? यंत्र नियमाच्या शेवटाकडून मागें येतें. 'आजोबा' सिद्ध करावयाचा तर मधला मनुष्य हवा, म्हणून तें केशवाचा पिता शोधतें, वामन सांपडतो. मग वामनाचा पिता शोधतें, गोविंद सांपडतो. एखादी वाट खुंटली तर परत फिरून दुसरी धरतें. गोविंद हा आजोबा, असें त्यास कोणीं सांगितलेलें नसतें. घरांतील वडील मंडळी नातें मोजून सुतकाचा निर्णय देतात, ती रीत याहून फारशी निराळी नाहीं. अशीं अनुमानें करविण्यासाठीं 'प्रोलॉग' नांवाची भाषा १९७२ सालीं फ्रान्समधील मार्सेय येथें आलां कोल्मेरोएर व फिलिप रुसेल यांनीं सिद्ध केली. तिच्यामागें रॉबर्ट कोवाल्स्की यांचा विचार होता.

या कल्पनेचा इतिहास दीर्घ आहे. सतराव्या शतकांत लाइब्निट्स या जर्मन तत्त्ववेत्त्यानें असें स्वप्न पाहिलें कीं, विद्वानांचे वाद बेरजेप्रमाणें गणित करून मिटावे. १८५४ सालीं जॉर्ज बूल यानें विचाराचें बीजगणित मांडलें. १८७९ सालीं फ्रेगे यानें 'सर्व' आणि 'कांहीं' या शब्दांसाठीं चिन्हांची लिपि दिली. पुढें १९५६ सालीं न्यूएल, शॉ व सायमन यांच्या यंत्रक्रमानें रसेल आणि व्हाइटहेड यांच्या तर्कगणिताच्या ग्रंथांतील एका प्रकरणाचे पहिले ५२ सिद्धांत हातीं घेऊन त्यांपैकीं ३८ सिद्ध केले.

१९६५ सालीं जॉन अ‍ॅलन रॉबिन्सन यानें एक युक्ति प्रसिद्ध केली. ती वाचतांना आम्हांस जुनी ओळख पटल्यासारखें झालें. जें सिद्ध करावयाचें त्याच्या उलट धरून चालावें, आणि विरोध उत्पन्न होतो का तें पाहावें. पर्वतावर धूम आहे, हें दिसलें. जेथें धूम तेथें अग्नि, हा नियम. म्हणजेच 'धूम नाहीं किंवा अग्नि आहे'. आतां धरा, पर्वतावर अग्नि नाहीं. मग नियमांतील एकच पक्ष उरतो: धूम नाहीं. पण धूम तर दिसतो आहे! विरोध आला, म्हणून अग्नि आहेच. 'अग्नि नसता तर धूमहि नसता' हा आपल्या नैयायिकांचा तर्क याच चालीचा आहे. भेद इतकाच कीं, आपल्याकडे तर्क हा प्रमाणाचा केवळ साहाय्यक मानला, आणि येथें सर्व सिद्धि त्यावरच उभी आहे.

या मार्गानें यंत्रानें मनुष्यास न सुटलेला प्रश्नहि सोडविला आहे. हर्बर्ट रॉबिन्स यानें १९३३ सालीं बूलच्या बीजगणिताविषयीं एक प्रश्न उपस्थित केला. टार्स्कीसारख्या तर्कशास्त्रज्ञालाहि तो सुटला नाहीं. १९९६ सालीं अमेरिकेंतील आरगॉन प्रयोगशाळेंत विल्यम मॅक्यून यांच्या यंत्रक्रमानें सुमारें आठ दिवस चालून त्याची सिद्धि काढली. तरी या सामर्थ्यास मर्यादा आहे, आणि तीहि तर्कानेंच दाखविली आहे. विधान खरोखर निघत असेल तर त्याची सिद्धि कधींना कधीं सांपडते. पण निघत नसेल, तर यंत्र अनंत काळ शोधीतच राहील असा संभव असतो. प्रत्येक विधानास 'होय' किंवा 'नाहीं' असें निश्चित उत्तर देणारी सर्वसामान्य रीत असूं शकत नाहीं, हें चर्च व ट्युरिंग यांनीं १९३६ सालींच सिद्ध केलें.

याहून मोठी अडचण मात्र ज्ञान मांडण्यांतच आहे. १९७० नंतरच्या दशकांत स्टॅनफर्ड येथें एडवर्ड शॉर्टलिफ यांनीं रक्तांतील जंतुदोषांवर सल्ला देणारा 'मायसिन' नांवाचा यंत्रक्रम रचला. त्यांत वैद्यांकडून मिळविलेले कित्येक शें नियम होते, आणि असा सल्ला कां, असें विचारल्यास तो आपला नियम दाखवी. प्रत्यक्ष रुग्णालयांतील नित्य व्यवहारांत तो कधीं आला नाहीं. परंतु कारण सांगण्याची त्याची रीत पुढच्यांस आदर्श झाली. १९८४ सालीं डग्लस लेनाट यांनीं तर मनुष्याचें सामान्य व्यवहारज्ञानच नियमांत लिहून काढण्याचा उद्योग आरंभिला. लाखों विधानें लिहिलीं गेलीं, तरी व्यवहार कांहीं संपला नाहीं.

याचें कारण अपवाद. पक्षी उडतो, हा नियम यंत्रास दिला, आणि पुढें 'हा पेंग्विन आहे' असें सांगितलें, तर काढलेला निष्कर्ष परत घ्यावा लागतो. गणितांत नवी माहिती मिळाली म्हणून जुना सिद्धांत खोटा ठरत नाहीं. संसारांत मात्र पदोपदीं ठरतो. १९८० सालीं जॉन मॅकार्थी व रेमंड रायटर यांनीं अशा मागें घेतां येणाऱ्या अनुमानाच्या निरनिराळ्या पद्धति मांडल्या. हें ऐकून आम्हीं नातीस म्हटलें, "बाळ, हें तर आमच्या अंगणांतलें आहे." पाणिनीच्या व्याकरणांत उत्सर्ग आणि अपवाद यांची व्यवस्था आहे, सामान्य नियमास विशेष नियम बाधतो. नैयायिकांनीं तर अग्नीवरून धूमाचें अनुमान करूं नये, असें बजावून ठेवलें आहे. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूम नसतो. धूमास ओलें सर्पण लागतें. ही ओल म्हणजे त्या नियमांतील उपाधि. आज प्रत्येक स्वयंपाकघरांतली गॅसची शेगडी हाच दृष्टांत दोन वेळां देत असते. आमच्या अभिमानास येथें सबळ हेतु आहे, आणि तो आम्ही वर्गांत कधींच सांगितला नाहीं, याचें वाईट वाटतें.

परंतु एका गोष्टींत यंत्र आणि न्यायशास्त्र यांचा मार्ग निराळा होतो. आपल्या पंचावयवी वाक्यांत तिसरा अवयव उदाहरण आहे: नियम सांगा, आणि तो कोठें पाहिला तेंहि सांगा. यंत्रास ही चिंता नाहीं. 'इंग्रजी बोलणारा तेवढा शहाणा' असा नियम त्यास दिला, तर एकहि पायरी न चुकतां तें त्यावरून निष्कर्ष काढील. अनुमानाची शुद्धता यंत्र सांभाळतें. नियमाच्या सत्यतेची जोखीम तो देणाऱ्यावर राहते. उद्यां एखाद्या पेढीनें कर्ज कोणास द्यावें हें अशा नियमांवर सोडलें, तर 'यंत्रानें सांगितलें' एवढ्यावर समाधान न मानतां तो नियम कोणीं व कशावरून लिहिला, हें विचारलें पाहिजे.

हल्लीं घरोघरीं जीं बोलकीं यंत्रें आलीं आहेत तीं या परंपरेंतलीं नव्हेत. अफाट लेखन वाचून पुढचा शब्द कोणता यावा, हें तीं ठरवितात. त्यांचें बोलणें ओघवतें असतें, आणि त्यांत चूकहि तितक्याच ओघानें येते. म्हणून दोहोंची सांगड घालण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०२४ सालीं गूगलच्या डीपमाइंड या शाखेच्या दोन यंत्रक्रमांनीं आंतरराष्ट्रीय गणित स्पर्धेंतील सहापैकीं चार प्रश्न सोडवून ४२ पैकीं २८ गुण, म्हणजे रौप्यपदकाइतके, मिळविले. त्यांपैकीं 'अल्फाप्रूफ' हें आपलें उत्तर 'लीन' नांवाच्या भाषेंत लिहीत असे, आणि तेथें प्रत्येक पायरी तपासली जाई. तपासणारा बोलणाऱ्याचें वय पाहत नाहीं, कीर्ति पाहत नाहीं, नातेंहि पाहत नाहीं.

दोन महिन्यांपूर्वीं आमच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरला होता. आम्हांस चार शब्द बोलण्यास सांगितलें, तेव्हां नासाची ती गोष्ट निराधार होती, असें आम्हीं उभें राहून सांगितलें. सभा संपल्यावर चाळिशी ओलांडलेला एक विद्यार्थी जवळ येऊन नमस्कार करून म्हणाला, "सर, मी ती गोष्ट माझ्या मुलांना सांगितली आहे. आज घरीं जाऊन दुरुस्त करीन." आमच्या हातून किती वर्ग गेले याचा हिशोब आम्हीं त्या रात्रीं मांडून पाहिला, सगळ्यांपर्यंत पोंचणें आतां शक्य नाहीं. त्यांपैकीं कोणाच्या घरीं हें मासिक येत असेल, तर त्यांनीं हा लेख वाचून आमच्या वतीनें तेवढी दुरुस्ती करावी, ही विनंति.